पायाळू

माझा जन्म पायांकडून झाला. सुईणीच्या हाताला आधी डोकं लागायचं ते दोन तळवे लागले, आणि तेव्हापासून गावातल्या कंबरा माझ्या पदरी आल्या.

पायाळू माणसावर वीज पडते, त्याला जमिनीतलं पाणी दिसतं, पुरलेलं धन दिसतं, असं बरंच काही बोलतात. आमच्या वर्धेकडच्या कपाशीच्या गावात पुरून ठेवण्याइतकं धन कुणाकडे नव्हतं, आणि पाणी दिसलं असतं तरी विहीर खणायला पैसा नव्हता. त्यामुळे माझा उपयोग एकाच कामाला. उसण उतरवायची.

रविवारी आणि बुधवारी, सकाळी, मी चूळ भरायच्या आधी. उसण भरलेला माणूस एक हात कंबरेवर ठेवून, तिरका तिरका चालत यायचा आणि आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, पालथा पडायचा. मी उजव्या पायाचा तळवा त्याच्या कंबरेवर टेकवून बाजूला ओढायचा. सात वेळा. लोक त्याला लाथ म्हणत, पण ती लाथ नव्हती. पाटावरून पीठ झटकावं तसं होतं ते. आता आमच्यात चुकून कुणाला पाय लागला तरी आपण हात लावून नमस्कार करतो. इथे मी मुद्दाम सात वेळा लावलेला. म्हणून शेवटी मी त्या माणसाच्या पाया पडायचा, आणि तो कण्हत उठून बसला की मला हात जोडायचा. सात वर्षांचा पोट्टा आणि साठीचे काकाजी एकमेकांना नमस्कार करताहेत, हा सोहळा रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाच विनोदी वाटत नसे. मोबदला म्हणून एक पेरू, मूठभर फुटाणे, फार तर चार आणे.

पाठी मी डोळ्यांनी नाही, तळव्याने ओळखायला शिकलो. हमालांच्या पाठी रुंद, कातडं जाड, मानेच्या बुडाशी पोत्याने उठवलेली लिंबाएवढी गाठ. फवारणी करणाऱ्याच्या खांद्यांवर पंपाच्या पट्ट्यांचे दोन वळ; सोळा लिटरचा पंप भरला की पंपासकट वीस किलोच्या घरात जातो, आणि तो घेऊन चिखलात दिवसभर चालायचं असतं. बायांच्या पाठी लुगड्यावरून कळायच्या, कण्याच्या दोन्ही बाजूंना दोरखंड ताणून बांधल्यासारख्या. कुठे पाय टेकवला की माणूस श्वास रोखतो हे मला पाढे यायच्या आधी कळलं होतं.

गर्दी केव्हा वाढेल हेही कळायचं. शेतात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, झाली, पहिली वेचणी लागली, की पुढच्या बुधवारी सपरीत चार-पाच बाया बसलेल्या असत. याचं कारण मला फार उशिरा, कॉलेजात गेल्यावर लक्षात आलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, खालून वर फुटते. सगळ्यात आधी उमलतं ते जमिनीजवळचं बोंड, मग मधलं, शेंड्याचं शेवटी. म्हणजे दिवाळीच्या आसपासची पहिली वेचणी गुडघ्याच्या उंचीवर होते आणि फरदडीला, म्हणजे हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या पिकाला, जानेवारी-फेब्रुवारीत तीच बाई जवळजवळ उभ्याने वेचत असते. माझ्याकडची गर्दीही तशीच ओसरत जायची. पाऊस आणि देव बाजूला ठेवा, आमच्या गावाच्या कंबरदुखीचं वेळापत्रक पऱ्हाटी ठरवायची.

या सगळ्या पाठींत एक पाठ नव्हती. मायची.

माय सकाळी चुलीपाशी उठताना एक हात गुडघ्यावर, मग एक भिंतीवर, मग उभी, अशी तीन हप्त्यांत उठायची. मी एकदा म्हटलं, तुला पण लावून देतो पाय. तिने फुंकणी खाली ठेवली. "मायले पाय लावते का कोणी? पाप हाय ते. जाय, तोंड धुय." बाबांनाही नाही. गावाला उसण उतरवून देणाऱ्या घरात दोन माणसं कंबर धरून झोपायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. "गाव बरं करून राह्यला पोट्टा," माय शेजारणीला सांगायची, "मले काय धाड भरली हाय!"

बाबा तालुक्याच्या बाजार समितीत हमाल. त्यांच्या उमेदीच्या वर्षांत पोतं म्हणजे क्विंटलचं, शंभर किलो. दोघांनी पोत्याचे कान धरून उचलून द्यायचं, तिसऱ्याने पाठीवर घ्यायचं, फळीवरून ट्रकात चढायचं आणि थप्पीवर अलगद सोडायचं. डोक्यावरून पाठीवर बारदान्याची खोळ. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच शिफारस करून ठेवली आहे की एका पुरुषाने ५५ किलोपेक्षा जास्त ओझं वाहू नये. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, हमालांसाठी देशातला असा पहिला. मुंबईच्या गोद्यांतून आणि बाजारांतून अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीचं ते फळ. बाबांना त्यातलं जिनिव्हा माहीत नव्हतं आणि माथाडी हा शब्द त्यांनी फक्त भाषणात ऐकला होता. शेतकऱ्याच्या विक्रीच्या पट्टीवर हमाली, तोलाई, वाराई असे रकाने असतात. त्यातल्या हमालीच्या रकान्यात बाबा असायचे. कायद्यात पाठ पोहोचायला पन्नास वर्षंही कमी पडतात. (युरियाची बॅग मात्र २०१८ मध्ये ५० किलोवरून ४५ वर आली. हमालाच्या कंबरेचा कळवळा आला म्हणून नव्हे. शेतकऱ्यांनी युरिया कमी टाकावा म्हणून.)

पण ओझ्याचं शास्त्र बाबांना डॉक्टरांपेक्षा चांगलं समजत होतं. ते म्हणायचे, बंडी भरतोस तेव्हा माल मागे जास्त गेला तर काय होते? उलार होते. तसाच माणूसही उलार होतो, फक्त पुढच्या बाजूला. ओझं पोटाला चिकटून असलं पाहिजे. मोड गुडघ्यात, कंबरेत नाही.

पुढे मी एका पुस्तकात तोच हिशेब आकड्यांत वाचला. कण्यामागचे जे स्नायू आपल्याला ताठ उभं धरतात ते मणक्यांमधल्या गादीपासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. समोर हात लांब करून, ४० सेंटिमीटरवर २० किलो उचललं, तर त्या स्नायूंना आठपट, म्हणजे १६० किलोंच्या जोराने मागे ओढावं लागतं. ढोबळ हिशेब आहे, पण बंडीचाच आहे. आणि यातली खरी गोम पुढे आहे: वाकलेल्या माणसाचं पहिलं ओझं तो स्वतःच असतो. डोकं, हात, छाती, पोट मिळून निम्म्याहून जास्त वजन कंबरेच्या वर आहे. वेचणाऱ्या बाईच्या हातात चार ग्रॅमचं बोंड असतं, तिला कुणी ओझं वाहणारी म्हणत नाही. पण ती सकाळी आठपासून आपलंच अर्धं अंग धरून उभी असते, आणि पोटावर बांधलेल्या ओटीत जसजसा कापूस भरत जातो तसतसं ते ओझं पुढे, चुकीच्या बाजूला, वाढत जातं. तासाच्या, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीच्या, शेवटी धुऱ्यावर ओटी रिकामी करायची, पुन्हा पुढचं तास धरायचं.

भंडाऱ्याकडे दिलेल्या माझ्या मावशीचं आणखी वेगळं. तिकडे धानाचा रोवणा. श्रावणसरीत बांधीत पोटरीभर चिखल, एका हातात पऱ्ह्यांची, रोपांची, जुडी, आणि बाया ओळीने मागे मागे सरकत जाणार, पूर्ण वाकून, डोकं कंबरेच्या खाली. मी लहानपणी विचारलं होतं, दुखत नाही का? ती म्हणाली, वाकल्यावर नाही दुखत, सरळ झाल्यावर दुखतं. मला ती गंमत वाटली होती. गंमत नाही. माणूस पुरता वाकला की पाठीचे स्नायू चक्क काम सोडून देतात आणि सगळा भार कण्यामागच्या पट्ट्यांवर, अस्थिबंधांवर जातो. ते हळूहळू ताणत राहतात, दोरी ओली व्हावी तसे सैल पडतात. म्हणून आराम वाटतो. सरळ झाल्यावर ते लगेच पूर्वीसारखे होत नाहीत. बराच वेळ कणा खिळखिळा असतो. आणि नेमक्या त्याच वेळी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, आमच्याकडच्या बाया तीस-चाळीस किलोचं गाठोडं उचलून डोक्यावर घेतात आणि वजनकाट्याकडे निघतात. उसण भरते ती तेव्हा. दिवसभर कण्याने जे उधार दिलेलं असतं ते तो त्या एका उचलीत वसूल करतो.

दवाखान्यात भिंतीवर एक चित्र असतं. इस्त्रीची पँट घातलेला माणूस एक खोका उचलतो आहे. डावीकडे फुली, उजवीकडे बरोबरची खूण. खाली लिहिलेलं: वाकू नका, जड उचलू नका, विश्रांती घ्या. ज्या बाईची मजुरी किलोवर आहे तिला "वाकू नका" म्हणजे "कमवू नका". सोयाबीन सोंगायला, कापायला, गुत्त्याने, म्हणजे ठेक्याने, घेतलं असेल तर विश्रांती एकटीची नसते. तिच्या वाटणीची पात बाकीच्या सात जणींच्या अंगावर पडते. मग ती मेडिकलमधून पुडी आणते. तीन गोया, एक पिवळी, दोन पांढऱ्या, नाव माहीत नाही. दुखणं थांबतं, ती जाते. हंगामभर ती पुडी चालू राहिली की पोटात व्रण, मूत्रपिंडावर परिणाम, हे त्या गोळ्यांच्या जातीबद्दल सगळ्या डॉक्टरांना ठाऊक आहे. पण मूत्रपिंड आज दुखत नाही. कंबर आज दुखते.

आणि मग तो जगप्रसिद्ध शब्द: गॅप. आमच्याकडे आता कुणाला उसण भरत नाही, सगळ्यांच्या मणक्यात गॅप आला आहे. पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, "माह्या चौथ्या-पाचव्यात गॅप हाय" हे लोक शेताचा गट नंबर सांगावा तसं सांगतात. खरं तर गॅप वाढत नाही, कमी होतो. गादीतलं पाणी वयाने घटतं आणि दोन मणके जवळ येतात. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो ते या पाण्यामुळेच. रात्रभर गाद्या भिजतात, दिवसभर पिळल्या जातात.

माझा स्वतःचा गॅप तीन वर्षांपूर्वी निघाला. मी नागपुरात एका कचेरीत हिशेब लिहितो. दिवसाचे नऊ तास खुर्चीत. पाण्याची वीस लिटरची कॅन उचलून स्टँडवर ठेवताना कमरेत असा काही चमका आला की मी कॅनसकट खाली बसलो. एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये एवढे शब्द होते की वाचूनच अर्धांगवायू व्हावा. डॉक्टर हसले. म्हणाले, २०१५ साली काही संशोधकांनी ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांचे फोटो एकत्र तपासले. विशीतल्या ३७ टक्के आणि चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. केस पिकतात तसं आहे हे. दहातल्या नऊ जणांच्या कंबरदुखीत बोट ठेवावं असं एक कारण सापडतच नाही. झोपून राहू नका, चाला, पोटाचे-पाठीचे व्यायाम करा, काही आठवड्यांत उतरेल. पट्टा घेऊ का विचारलं तर नको म्हणाले. (जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या सूचनाही पट्ट्याच्या विरोधातच आहेत. आमच्या बाजारात मात्र पट्टा हेच कंबरदुखीचं दागिन्यासारखं लेणं झालं आहे.)

"काही आठवड्यांत उतरेल." हे ऐकलं आणि मला माझी सपरी आठवली. म्हणजे माझ्या पायाने उतरलेल्या उसणी तशाही उतरणारच होत्या. रविवार, बुधवार, पुन्हा रविवार. तोवर निसर्गाने आपलं काम केलेलं असायचं आणि पेरू मी खायचा. वाईट वाटलं नाही. एवढंच वाटलं की त्या माणसांना माझ्या पायापेक्षा सपरीतला तो अर्धा तास जास्त लागू पडत असावा. कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी, पालथं पडून राहायची परवानगी त्यांना दुसरीकडे कुठे होती?

एका माणसाच्या बाबतीत मात्र मी आजही चाचरतो. आमच्याच वस्तीतला वीटभट्टीवर जाणारा एक तरुण गडी. तीन आठवडे येत राहिला. एकवीस नाही, बेचाळीस वेळा मी पाय लावला असेन. त्याला रात्री जास्त दुखायचं, पडून राहिल्यावरही थांबायचं नाही. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, आणि सदरा आठवड्यागणिक सैल होत होता. माझ्या तळव्याला त्याच्या पाठीत मधोमध एक टोक लागायला लागलं तेव्हा मी मायला सांगितलं, तिने त्याच्या आईला. त्याला सेवाग्रामला नेलं. मणक्याचा क्षय. औषधं सुरू झाली, वाचला, पण पाठीत ते टोक कायमचं राहिलं. रात्रीचं दुखणं, ताप, वजन उतरणं, यातलं एक जरी असलं तर ती नुसती उसण समजू नये. आणि कंबर दुखता दुखता पायातली ताकद जायला लागली, बसायच्या जागी बधिर वाटलं, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री दवाखाना गाठावा. मला हे तेव्हा कुणी शिकवलं असतं तर त्याचे तीन आठवडे गेले नसते.

२०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा एक अंदाज वाचला. या आकड्यात मी आहे आणि माझी मायही. मला आठ दिवस पगारी रजा मिळाली, साहेबांनी उंची खाली-वर होणारी खुर्ची मागवून दिली. दुखणं एकाच नावाचं. मी मायला फोनवर रजेचं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मंग जेवलास का?" त्याच फोनमध्ये तिने सुचवलं की एखादा पायाळू बघ. मी म्हटलं, मीच आहे ना. "सोताचा नाई चालत."

शोधला मी. नागपुरात नाही मिळाला, गावाकडेही नाही. पायाळू संपत चालले आहेत. दिवस भरल्यावर शंभरात तीन-चार बाळं पायांकडून किंवा ढुंगणाकडून येतात, ते प्रमाण तसंच आहे. पण २००० साली एक मोठा अभ्यास आला, त्यात अशा बाळांसाठी सिझेरियन जास्त सुरक्षित ठरलं, आणि तेव्हापासून सोनोग्राफीत पाय खाली दिसले की बहुतेक ठिकाणी पोटच फाडतात. चांगलंच झालं. मी वाचलो तो सुईणीच्या हातगुणाने आणि मायच्या नशिबाने. माझ्यासारखे न वाचलेले किती, ते कुणी मोजले नाहीत.

माझी मुलगीही पायांकडूनच येणारी. आठव्या महिन्यात पाय खाली होते, नवव्यातही फिरली नाही. सिझेरियन झालं. आता सात वर्षांची आहे.

गेल्या दिवाळीत आम्ही गावी होतो. माय आता पासष्टीच्या पुढे आहे. मी पैसे पाठवतो, तरी वेचणीला जातेच. घरी बसलं की कंबर जास्त धरते, असं तिचं म्हणणं. आणि माझ्या डॉक्टरांचं ऐकलं तर तिला खोटं पाडता येत नाही. भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी ती शेतातून आली, ओटी सोडून खुंटीला टांगली आणि सपरीत भिंतीला टेकून बसली. नात समोर खेळत होती. माय तिच्या पायांकडे बघत राहिली.

"पोटात हिचे पाय खालतच होते ना?"

"हो. पण सिझेरियन झालं ना माय."

"पाय खालत होते ना? मंग झाली पायाळू. काढली कुठून, त्यानं काय होते."

"आणि पाप?"

"नातीचं लागत नाई."

तिने पदर खोचला आणि पालथी पडली. चाळीस वर्षांत मी मायला दिवसा आडवं पडलेलं पाहिलं नव्हतं. पोरीला काय करायचं ते मी सांगितलं. उजवा पाय, टेकवायचा, बाजूला ओढायचा. चोळी आणि लुगडं यांच्या मधल्या चार बोटं जागेत, दोन्ही बाजूंच्या हाडांवर, ओटीच्या नाडीने पाडलेला काळपट वळ होता. नाडी सोडली तरी बांधल्यासारखा दिसत होता.

"वन," पोरगी म्हणाली. "टू."

"अजून खालत, बाई."

"थ्री."

"अजून जराशी."

सेव्हन झाल्यावर पोरगी उडी मारून खाली उतरली आणि फटाक्यांकडे पळायला लागली. मी तिला परत बोलावलं, आजीला नमस्कार करायला लावला. माय तशीच पडून राहिली थोडा वेळ. मग उठली, एक हात गुडघ्यावर, एक भिंतीवर, मग उभी. नातीला दोन्ही हात जोडले.

"उतरलं का काही?" मी विचारलं.

"पाय थंड होता पोट्टीचा," ती म्हणाली, आणि खुंटीवरची ओटी झटकून घडी घालायला लागली. "सकाळी साडेसहाले ऑटो येते. मले उठवजो."